सर्व दोषांसह

मराठी समीक्षेने ग्रंथाचा विचार प्रायः संहिता म्हणून केला आहे. वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहण्याचे प्रसंग थोडे. संहिता कोणत्याही कागदावर उतरली तरी तीच राहते, या गृहीतावर समीक्षेचा बराचसा व्यवहार चालतो, आणि कथा-कवितेपुरता तो निर्वेध चालतोही. निसर्गेतिहासाचे जुने सचित्र ग्रंथ मात्र हे गृहीत अडचणीत आणतात. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील अशा ग्रंथांत मजकूर खिळ्यांनी एका कागदावर छापलेला असे आणि चित्रे ताम्रपटावरून किंवा शिळेवरून दुसऱ्या, बहुधा जाड कागदावर घेतलेली असत. कित्येकदा दोन्हींची छपाई निरनिराळ्या कारागिरांकडे होई आणि बांधणीवाला त्यांना एका शिवणीत आणी. जे शिवणीने एकत्र आले ते सुरीने वेगळे करता येते. वेगळे केल्यावर एका हाती चित्राविना वर्णन उरते, दुसऱ्या हाती वर्णनाविना चित्र. यांपैकी ग्रंथ कशाला म्हणावयाचे?

प्रश्न तात्त्विक वाटला तरी दुर्मिळ ग्रंथांच्या लिलावात तो नित्य विचारला जातो आणि त्याचे उत्तर रकमेत दिले जाते. भिवंडीतील एका संग्राहकाने गेली पंचवीस-एक वर्षे तो स्वतःच्या खर्चाने हाताळला आहे. या गृहस्थांचा व्यवसाय यंत्रमागाचा. भिवंडीतील असंख्य मागधारकांच्या वाट्याला जे आले ते त्यांच्याही आले: सूत महागले, वीज महागली, आणि एके वर्षी निम्मे माग वजनावर भंगारात गेले. रिकाम्या झालेल्या जागेत कपाटे आली आणि त्यांत वनस्पती, पक्षी, शंख-शिंपले यांवरील जुने इंग्रजी व लॅटिन ग्रंथ येऊ लागले. गावात याचे कुणाला विशेष वाटले नाही. मानकोली-काल्हेरपासून पुढे पसरलेल्या गोदामांच्या या मुलखात माल साठवणे हा लोकांचा रोजचा व्यवहारच आहे. नवल एवढेच की या घरात साठलेला माल पुढे कुठेच जायचा नसतो.

ग्रंथपरीक्षेचे शिक्षण त्यांनी कुठे घेतले नाही. ते मागावरच झाले होते. कापडाच्या एका इंचात उभे-आडवे धागे किती, हे मोजण्यासाठी व्यापारी जे घडीचे लहान भिंग वापरतात, ज्याला या धंद्यात 'पिक ग्लास' म्हणतात, तेच भिंग ते चित्रपानावर ठेवतात. हाताने भरलेला रंग रेषेच्या किंचित आत-बाहेर जातो. शिळेवरून रंगीत छापलेल्या चित्रात अनियमित कण दिसतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे रांगेने येतात, आणि अशा नकला अस्सल म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. चित्र ताम्रपटाचे असेल तर पाटीच्या कडेचा दाब बोटाला लागतो. सतराव्या शतकातला कागद उजेडासमोर धरला की साच्यातल्या समांतर तारांच्या रेघा त्याच्या पोटात दिसतात. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात विणलेल्या जाळीवर कागद काढण्याची रीत आली आणि पुढे त्या रेघा दिसेनाशा झाल्या. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ग्रंथ ठेवण्याची त्यांची पद्धतही त्याच ज्ञानातून आली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत ते ग्रंथ पोथीसारखे सुती बासनात बांधतात. पण मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या ताण्याला खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. म्हणून कापड आधी उकळून खळ काढायची, मग बासन शिवायचे.

लिलावाच्या सूचीची भाषा हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. ग्रंथकार, स्थळ आणि वर्ष एका ओळीत आटोपतात. मग बांधणीच्या कातड्याचे वर्णन येते. तांबूस डाग, पाण्याचे ओघळ, दुरुस्त केलेली पाठ यांची नोंद येते. आणि मुख्य म्हणजे चित्रांची गणती येते, एकूण इतक्यांपैकी इतकी. मजकुराची पाने मोजलेली असतात, वाचलेली नसतात. ज्या ग्रंथांत चित्रे अधिक त्यांच्या खाली बहुधा एक पारंपरिक शेरा असतो: ग्रंथ 'सर्व दोषांसह' विकला जात आहे. पुढे एखादे पान उणे निघाले तरी तो परत करता यायचा नाही. या दोन शब्दांपाशी विक्रेत्याची जबाबदारी संपते. हातोडा पडला की बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचा हिस्सा चढतो, तो सामान्यतः पाचव्या ते चौथ्या भागाएवढा. त्यावर चलनाचा फरक आणि वाहतूक. भिवंडीचे हे गृहस्थ आपली शेवटची रक्कम सूचीच्या समासात आधीच शिसपेन्सिलीने लिहून ठेवतात आणि तिच्या पलीकडे जात नाहीत.

वाल्टर बेंजामिनने १९३१मधील आपल्या संग्रहविषयक निबंधात लिलावाचा एक किस्सा सांगितला आहे. एक प्रतिस्पर्धी आपल्या प्रत्येक बोलीवर बोली चढवतो, हे लक्षात आल्यावर ज्या ग्रंथासाठी तो आला होता त्या ग्रंथाची पाळी आली तेव्हा तो गप्प राहिला. ग्रंथ कुणी घेतला नाही, आणि काही दिवसांनी तो त्याला स्वस्तात मिळाला. तो ग्रंथ रिटर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाच्या टिपणांचा होता, हे आजच्या विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. पण ही युक्ती समोरासमोरच्या लिलावाची. संगणकावरच्या बोलीत प्रतिस्पर्ध्याचा चेहरा नसतो, फक्त क्रमांक असतो, आणि मौनाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

लिलावाला चित्रे प्रिय का, याचे उत्तर ऑडुबॉनच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका'त सापडते. डिसेंबर २०१०मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात त्याची संपूर्ण प्रत ७३ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. ४३५ चित्रांच्या या ग्रंथात वर्णनाचा मजकूर नाहीच. छापील मजकूर असलेल्या ग्रंथाच्या प्रती इंग्लंडच्या कायद्याने ठरावीक ग्रंथालयांना विनामूल्य द्याव्या लागत. तो खर्च टाळण्यासाठी पक्ष्यांची वर्णने पाच खंडांत वेगळी छापली गेली, असे सांगितले जाते. जगातील सर्वांत महाग ग्रंथांपैकी एक ग्रंथ अशा रीतीने जन्मतःच वर्णनापासून तोडलेला आहे. इतर ग्रंथांना हे भाग्य सुरीने प्राप्त होते. जेम्स फोर्ब्स १७६६मध्ये कंपनीचा कारकून म्हणून मुंबईत आला आणि १७८४मध्ये परतला. त्या काळातल्या त्याच्या टिपणांतून व चित्रांतून 'ओरिएंटल मेमॉयर्स'चे चार खंड १८१३मध्ये लंडनला निघाले. पश्चिम किनाऱ्यावरील पक्षी, फुले, वडाची झाडे आणि माणसे यांचे एवढे विस्तृत सचित्र वृत्त त्या काळात दुसरे नाही. त्याची चित्रे आज चौकटींत जितकी भेटतात तितकी खंडांत भेटत नाहीत. मुंबईच्या एका विक्रेत्याने भिवंडीकरांना याचे गणित एका वाक्यात सांगितले होते: "शेठ, अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक एक, पानांना शंभर."

या गणिताची खरी किंमत 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये कळते. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने सिद्ध केलेला हा ग्रंथ ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आणि सुमारे ७९० ताम्रपट-चित्रे आहेत. शेवटचा खंड पाहणे व्हान रेडेच्या नशिबी नव्हते. १६९१च्या डिसेंबरात सुरतेकडे जात असता मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर त्याला मृत्यू आला, आणि त्याचे थडगे सुरतेस आहे. ग्रंथातले वनस्पतिज्ञान मुख्यतः इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. पहिल्या खंडात या तिघांचा १६७५चा दाखला छापला आहे. त्याची भाषा कोकणी आणि लिपी नागरी. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या नागरी पानाचे महत्त्व कळते. चित्रांवरही नावे एकाहून अधिक लिप्यांत आहेत: रोमन, मलयाळम्, अरबी आणि, कित्येक पानांवर, नागरी. पहिलेच चित्र नारळाचे आहे. भिवंडी-वसईच्या किनाऱ्यावर ज्याला आजही 'माड' म्हणतात, त्याच कुळातला शब्द कोकणी वैद्यांनी त्यासाठी दिला.

लिलावसूचीत मात्र हे पान 'नारळाचे झाड, ताम्रपट, नंतर रंगवलेले' असे येते. लिप्यांचा उल्लेख झालाच तर शोभा म्हणून होतो.

मिशेल फूकोने निसर्गेतिहासाची जी मीमांसा १९६६मध्ये केली ती येथे उपयोगी पडते. सोळाव्या शतकात एखाद्या प्राण्याविषयी लिहिणे म्हणजे त्याची नावे, कथा, औषधी उपयोग, शकुन-अपशकुन हे सगळे लिहिणे होते. सतराव्या शतकाच्या मध्यास हा शब्दसंभार गळून पडला आणि डोळ्यांना जे दिसते त्याचे नामकरण, एवढाच निसर्गेतिहासाचा विषय उरला. 'हॉर्टस' या दोन काळांच्या सीमेवर उभा आहे. त्यात दृश्य वर्णन आहे आणि नावे व औषधी उपयोगही आहेत. लिनिअसने १७५३च्या ग्रंथात त्याचा आधार घेतला, आणि चार लिप्यांतल्या नावांच्या जागी दोन शब्दांचे लॅटिन नाव आले. लिलावाने पुढे तेही नाव अनावश्यक ठरवून केवळ चित्र ठेवले. या क्रमाने पाहिले तर ग्रंथ मोडणाऱ्याची सुरी वर्गीकरणाच्याच मागून आली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते लिनिअसवर अन्याय करणारे होईल. लॅटिन नावाने स्थानिक नाव बाजूला ठेवले, तरी ज्या ग्रंथात ते आहे त्याचा संदर्भ जपला. वाचक हवे तेव्हा मागे जाऊ शकतो. सुटे पान विकणारा तो मागचा रस्ताच कापतो.

'हॉर्टस'चे एक सुटे, नागरी अक्षरांचे पान काही वर्षांपूर्वी लिलावात आले तेव्हा भिवंडीच्या गृहस्थांपुढे पेच पडला. बोली लावावी तर ग्रंथ मोडण्याच्या धंद्याला हातभार. न लावावी तर पान कुणाच्या दिवाणखान्यात उन्हाने फिके होणार, आणि त्यामुळे मोडलेला ग्रंथ काही जुळणार नाही. त्यांनी पान घेतले. पुढे आणखी आठ घेतली. 'आपण तोडत नाही, तुटलेले सांभाळतो' हा त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण निर्दोष नाही. बाजारात प्रत्येक खरेदीदार स्वतःच्या पानापुरता निरपराध असतो, आणि अशा निरपराध खरेदीदारांच्या भरवशावरच पुढची प्रत उसवली जाते. हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या नऊ पानांपैकी एकही भिंतीवर नाही. के. एस. मणिलाल यांनी केलेले 'हॉर्टस'चे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३मध्ये काढले. त्यातला त्या त्या वनस्पतीचा मजकूर उतरवून घेऊन तो प्रत्येक पानाशेजारी बासनात ठेवला आहे.

केवळ वाचनासाठी हे काही करण्याची गरज नाही. असे बहुतेक ग्रंथ आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात. तेथे ते पाहूनच या गृहस्थांच्या संग्रहाचा रोख बदलला. चित्रांच्या ग्रंथांसाठी श्रीमंतांशी स्पर्धा करण्यापेक्षा ज्यांत चित्रे नाहीत ते ग्रंथ त्यांनी शोधायला घेतले. मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल जॉन ग्रॅहॅम याने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली. १८३९मध्ये तिची छपाई चालू असतानाच तो खंडाळ्यास मरण पावला आणि उरलेले काम त्याचा स्नेही निम्मो याने पुरे केले. डालझेल आणि गिब्सन यांची 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ची. या ग्रंथांत चित्र नाही, पण झाड कुठे आढळले ते स्थळ आहे आणि पुष्कळदा देशी नावही आहे, इंग्रजांच्या कानांनी ऐकलेले आणि त्यांच्या लिपीने वाकवलेले. लिलावात ते इतर पाच-सात पुस्तकांच्या गठ्ठ्यात येतात. भिवंडीच्या बाजारात पहिल्या पावसानंतर शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन पाड्यांवरच्या बायका बसतात. हे गृहस्थ वही घेऊन त्यांच्यापाशी जातात आणि ग्रॅहॅमच्या यादीतले नाव उच्चारून पाहतात. कधी ओळख पटते, कधी हसू होते. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त पक्ष्यांच्या नावांसाठी जी वाट धरली, तिचीच ही एक लहान पायवाट.

अशा ग्रंथांचा शेजारी लिलाव नसतो, रद्दी असते. तिथे ग्रंथाचे मूल्य किलोवर ठरते आणि तो गुजरातेतल्या कागदगिरणीच्या वाटेला लागतो. रद्दीने निसर्गेतिहासाचे केलेले सर्वांत मोठे नुकसान मात्र छापील ग्रंथाचे नाही. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्याला इतिहास काँग्रेसचा एक संस्थापक म्हणून ओळखतो, भारतीय पक्ष्यांवर महाग्रंथ लिहीत होता. १८८४-८५च्या सुमारास तो सिमल्याबाहेर असता त्याच्या नोकराने पंचवीस वर्षांच्या टिपणांचे गठ्ठे बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. ह्यूमने पक्षिशास्त्रच सोडले आणि हजारो पक्ष्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नमुने वाचले, त्यांचे निवेदन गेले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांचे आहे. टेनिसनच्या 'द प्रिन्सेस'वरून 'इंदिरा' हे काव्य रचणारे कवी म्हणून वाङ्मयेतिहास त्यांची नोंद करतो. वनस्पतिशास्त्र त्यांना ठाण्यातही नोकरी केलेले शल्यचिकित्सक आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विषारी वनस्पतींवर लिहिणारे अभ्यासक म्हणून ओळखते. या दोन्ही नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. बामनदास बसू यांच्यासह केलेला त्यांचा 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८मध्ये अलाहाबादहून निघाला. मजकूर बांधलेल्या खंडांत आला आणि हजाराहून अधिक चित्रे सुट्या पानांच्या रूपाने वेगळी. मोडायला येथे सुरीचीही गरज नव्हती.

मजकुराचे खंड भिवंडीत बऱ्याच वर्षांपासून होते. चित्रांचा एक अपुरा गठ्ठा परदेशातल्या एका लिलावात आला, सर्व दोषांसह. सूचीत त्याचे वर्णन 'भारतीय वनस्पतींची शिळाछाप चित्रे, शोभेची' असे होते आणि ग्रंथकाराचे नाव नव्हते. कुणी चढाओढ केली नाही. समासातल्या रकमेच्या बऱ्याच अलीकडे हातोडा पडला. तीनशे बारा पाने आली. पावसाळाभर त्यांचे क्रमांक मजकुराशी जुळवण्यात गेले आणि वहीत 'उणे' या रकान्यात सातशेच्या वर आकडे लिहिले गेले.

त्यानंतर त्यांनी रबरी शिक्का करून घेतला. जुनी ग्रंथालये चित्राच्या दर्शनी बाजूवर शिक्का मारीत, आणि लिलावात तो मोठा दोष गणला जातो. शिक्का असलेले पान चौकटीत शोभत नाही, म्हणून ते सुटे विकले जात नाही. घरात याला विरोध झाला. मुलगा गोदामांच्या हिशेबाचे काम पाहतो. शिक्क्याने किंमत किती उतरेल, ते त्याने अचूक सांगितले, आणि उद्या हे सारे आपल्यालाच निस्तरायचे आहे हेही सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कीर्तिकरांच्या तीनशे बारा पानांवर, कोपऱ्यात नव्हे तर झाडाच्या देठाशी, आता शिक्का आहे. 'हॉर्टस'च्या नऊ पानांवर अद्याप नाही. ते बासन मधूनमधून टेबलावर येते, शाईची गादी उघडली जाते, आणि बासन पुन्हा बांधले जाते.